सातशे चाळीस मिलिलिटर

सकाळी ६.१० — टाकून दिली. (सूचनेप्रमाणे.)

एवढी एक ओळ लिहून मी खाली सही केली आणि पेन पुन्हा बाथरूमच्या खिडकीला बांधलेल्या दोरीला लटकू दिलं. पेन दोरीला का बांधलं, असं कुणी विचारू नये. एकोणतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सुटं पेन दिसलं की धडकी भरते.

"झालं का?" बाहेरून बायको. "आत काय सभा भरलीय?"

"नोंद करतोय."

"कसली?"

"टाकून दिल्याची."

चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की काही उत्तरांवर माणूस प्रश्न विचारत नाही.

आता, काय टाकून दिली आणि टाकून दिलेल्या गोष्टीची नोंद कशाला, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. फार नाही, तीन आठवडे. त्याआधी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. दोन मुतखडे झाले होते, ते सोडून.

मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे, वजनं आणि मापं बरोबर आहेत का ते तपासतो, असली तर शिक्का मारतो, नसली तर खटला भरतो. लोक आपल्याला बघून हसत नाहीत, अशी थोडीच खाती उरली आहेत. त्यातलं हे एक. आणि या खात्यात माझी ख्याती अशी, की मी कुणा व्यापाऱ्याकडे पाणीसुद्धा पीत नाही. असं लोक शोभेसाठी म्हणतात. मी खरंच पीत नाही.

त्या दिवशी मी धान्याच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात पोती मोजायचा काटा तपासत होतो. तिसरा खडा तिथे आला. खड्याचं दुखणं म्हणजे काय ते सांगतो: पाठीच्या खाली, डाव्या बाजूला, आतून कुणीतरी

वाक्य पुरं झालं नाही. त्या दिवशीही झालं नव्हतं. मी व्यापाऱ्याला "तुमच्या काट्यात चाळीस ग्रॅमचा" इथपर्यंत म्हणालो आणि त्याच काट्यावर आडवा झालो.

"साहेब!" व्यापारी ओरडला. "अहो साहेब! काय होतंय?"

"अडुसष्ट किलो सातशे," काट्याजवळ उभा असलेला हमाल म्हणाला. सवयीने म्हणाला असणार, त्याला दोष नाही.

व्यापाऱ्याने पाण्याचा पेला आणला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, कपाळावरून घाम पोत्यावर पडत होता, आणि तरीही मी दात आवळून म्हणालो, "नको. तपासणी चालू आहे."

मला या वाक्याचा आठ दिवस अभिमान वाटत होता.

दवाखान्यात फोटो काढला. मूत्रपिंडातून निघून खाली येणाऱ्या नळीत पाच मिलिमीटरचा खडा अडकला होता. डॉक्टर मूत्रविकारतज्ज्ञ, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा पंधरापट निवांत.

"पाच म्हणजे बहुतेक आपणहून पडेल. एक गोळी दुखण्याची, एक नळी सैल व्हायची. ताप आला किंवा लघवी अडली तर घरी वाट बघत बसू नका, तडक इकडे या. आणि प्रत्येक वेळी गाळून घ्या."

"काय गाळून?"

"लघवी. खडा सापडला की घेऊन या. तो कशाचा बनलाय हे कळलं तर चौथा होऊ नये म्हणून काही करता येईल."

त्या संध्याकाळी घरातली चहाची गाळणी बाथरूममध्ये गेली. बायकोने दुसऱ्या दिवशी नवीन गाळणी आणली, दुकानाच्या पिशवीतून सगळ्यांसमोर काढून दाखवली, तरी पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा "मी चहा आत्ताच घेऊन आलो" असंच म्हणत राहिला.

पाहुणे मात्र कमी झाले नाहीत. खडा ही अशी गोष्ट आहे, की तिच्याबद्दल ज्ञान नसलेला माणूस जन्माला आलेला नाही. वरच्या मजल्यावरचे विमेवाले म्हणाले, चार मजले उड्या मारत उतरा, खडा घसरतो. मी दोन मजले उतरलो. खडा जागेवर राहिला, घोटा घसरला. खालच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी टोमॅटो, दूध आणि पालेभाजी बंद करायला सांगितली, बंद केल्यावर तीन दिवसांनी येऊन म्हणाल्या, "टोमॅटोचं मी संधिवाताचं सांगितलं होतं, तुमचं वेगळं आहे." समोरच्यांचे जावई बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आले. बिअरने खडा वाहून जातो हे समजावून सांगता सांगता दोन्ही त्यांनीच संपवल्या. त्यांना खडा नव्हता. आता होणारही नाही, असं ते जाताना म्हणाले.

आणि प्रत्येक जण जाता जाता एकच गोष्ट सांगायचा: "पाणी प्या हो! तुमच्या वडिलांकडे बघा!"

माझे वडील. आप्पा. वय चौऱ्याहत्तर. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचत फिरले. त्यांच्या खुर्चीशेजारी दोन लिटरचा जग असतो आणि तो दिवसातून दोनदा भरावा लागतो. शिवाय गेल्या वर्षभरात त्यांचं पोट पार सपाट झालं. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने दोन नवीन भोकं पाडली आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. "या वयात!" लोक म्हणत. "याला म्हणतात प्रकृती." मग माझ्याकडे बघत. माझ्या पोटाकडे बघत.

दहाव्या दिवशी सकाळी गाळणीत टिंग असा आवाज झाला.

मी तो खडा धुतला, वाळवला आणि ऑफिसात नेऊन सूक्ष्म काट्यावर ठेवला. अठ्ठावन्न मिलिग्रॅम. शाबुदाण्याचा दाणा वाटावा एवढा, वरून काटेरी. याच्यासाठी मी धान्याच्या पोत्यावर रडलो होतो. मी आयुष्यात स्वतः तयार केलेली ही एकमेव वस्तू, आणि तीसुद्धा प्रयोगशाळेने फोडून टाकली. कॅल्शियम ऑक्झलेट, असा अहवाल आला.

डॉक्टरांसमोर आम्ही तिघे बसलो होतो: मी, बायको, आणि पाण्याची बाटली घेऊन आप्पा.

"दूध बंद केलंत?" डॉक्टर म्हणाले. "कुणी सांगितलं? उलट जेवणाबरोबर घ्या. कॅल्शियम एकदम तोडलं तर खडे वाढतात. मीठ कमी करा, ते महत्त्वाचं. लिंबू चालेल. बिअर नको. आता खरं सांगा, पाणी किती पिता?"

बायको माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या खड्याच्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत, तिने माझा हात धरून माझ्याकडून शब्द घेतला होता: रोज तीन लिटर. तेव्हा ती रडली होती. तिच्या मामाची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि ते तिने जवळून पाहिलं होतं.

"तीन लिटर," मी म्हणालो.

एकोणतीस वर्षांत मापाच्या बाबतीत मी पहिल्यांदा खोटं बोललो.

सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत मी थेंबभर पाणी पीत नाही. व्यापाऱ्याचं प्यायचं नाही, हे तत्त्व. मग स्वतःची बाटली न्यावी? नेली होती. पण आत गेलेलं पाणी बाहेर यायचं म्हणतं, आणि बाजारपेठेत त्याची सोय फक्त दुकानदारांकडे. सकाळी ज्याच्याकडून संडासाची किल्ली मागून घेतली, त्याच्यावर दुपारी खटला कोणत्या तोंडाने भरायचा? म्हणून बाटली सुटली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तत्त्वाची गोष्ट सांगताना त्यात संडास आला की तत्त्वाचा रुबाब जातो.

"तीन लिटर पिऊन तिसरा खडा?" डॉक्टरांनी भुवया उचलल्या. "मग चोवीस तासांची लघवी तपासू. नेहमीसारखंच वागायचं, नेहमीसारखंच खायचं-प्यायचं. सकाळची पहिली टाकून द्यायची. त्यानंतरची सगळी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्यापर्यंत, या कॅनमध्ये. थंड ठेवायचा. आत थोडं ॲसिड आहे; डोकावू नका, हुंगू नका."

कॅन तपकिरी, जाड, आरपार न दिसणारा, पाच लिटरचा. पाच लिटर बघून मी बायकोची नजर टाळली.

पहिला प्रश्न थंड ठेवण्याचा.

"फ्रिजमध्ये?" बायको म्हणाली. "माझ्या फ्रिजमध्ये?" हे दोनच शब्द ती तीन वेळा म्हणाली, दर वेळी "माझ्या" वर आणखी जोर देऊन. शेवटी सहलीला न्यायची बर्फाची पेटी बाथरूममध्ये ठेवली. आमच्या सहलीही संपल्या.

दुसरा प्रश्न मापाचा. लॅब मोजणारच होती, पण मी दुसऱ्याच्या मोजण्यावर विश्वास ठेवणारा माणूस असतो तर या नोकरीत नसतो. ऑफिसचं माप घरी वापरणं नियमात बसत नाही. म्हणून काचेचं अर्ध्या लिटरचं मोजपात्र विकत घेतलं आणि त्यावर शिक्का मिळावा म्हणून स्वतःच्याच ऑफिसात अर्ज केला. प्रयोजन या रकान्यात लिहिलं: घरगुती द्रव. वरून साहेबांचा शेरा आला: "द्रवाचा प्रकार नमूद करावा." मी नमूद केला. फाइल त्याच दिवशी मंजूर होऊन परत आली. आमच्या ऑफिसात असं कधी घडलेलं नाही. शिपायाने ती कोपऱ्याला दोन बोटांनी धरली होती.

तर ती वही:

सकाळी ६.१० — टाकून दिली. (सूचनेप्रमाणे.)

सकाळी ८.४० — १६० मिली.

स. ९ ते सायं. ५.३० — कार्यालयीन दौरा. निरंक.

सायं. ५.५० — २१० मिली. रंग: कडक चहासारखा.

(इथे बायकोच्या अक्षरात: "चहाचं नाव काढू नये.")

रात्री ९.३० — १३० मिली.

दुसरा दिवस, सकाळी ६.१० — २४० मिली.

एकूण ७४०.

मी बेरीज तीनदा केली. खालून वर केली. चोवीस तासांत सातशे चाळीस मिलिलिटर! दुधाच्या पिशव्या दीडच. माणूस आहे की निवडुंग? डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं: खडा व्हायचा नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. मी एक लिटरच्या खाली होतो. लोकांच्या लिटरात दहा मिलिलिटर कमी निघाले तर मी खटला भरतो. माझ्या लिटरात दोनशे साठ कमी होते.

आणि हे आता छापील अहवालात येणार. बायको वाचणार.

पेटीत कॅन होता. शेजारी नळ होता. नळाखाली मग होता. मी मग हातात घेतला, नळ सोडला. सव्वा लिटर. कुणाला कळणार? मग भरत आला आणि मला गेल्या वर्षीचा एक दूधवाला आठवला. पकडल्यावर तो म्हणाला होता, "साहेब, जरासंच." मी त्याला काय काय सुनावलं होतं, तेही आठवलं.

मी मगातलं पाणी मोरीत ओतलं. एका कागदावर "एकूण ७४०" लिहून सही केली, कागद कॅनच्या मुठीत अडकवला आणि बाहेर आलो. हरलेला, पण भेसळ न केलेला.

"मी फिरायला जातोच आहे," आप्पा म्हणाले. "देतो लॅबमध्ये नेऊन. तू आवर."

ही माझी चूक. नमुना तपासणीला पोचेपर्यंत तपासणाऱ्याच्या ताब्यातून सुटता कामा नये, हे मी नवीन निरीक्षकांना शिकवतो. पण आप्पांच्या हाती दिलेली वस्तू म्हणजे घरातच ठेवल्यासारखी, असं वाटलं.

चार दिवसांनी अहवाल आला.

एकूण प्रमाण: २१२० मिली.

मी चष्मा पुसला. बायकोने अहवाल माझ्या हातातून घेतला, वाचला आणि खाली बसली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही खोटं सांगताय. दोन वर्षं वाटत होतं. तुमची बाटली कधी धुवायला पडत नाही, म्हणून."

"अगं, पण"

"नाही, माझंच चुकलं." तिने टीव्हीचा रिमोट उचलला आणि माझ्या हातात दिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मी बातम्या लावल्या. काय चाललं होतं, एक अक्षर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, रजेचा अर्ज टाकून, मी माझं शिक्क्याचं मोजपात्र घेऊन लॅबमध्ये गेलो. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या, हातमोजे घातलेल्या, कशालाही न दचकणाऱ्या.

"तुमचं मोजायचं पात्र बघायचंय," मी म्हणालो. "तेराशे ऐंशीची तफावत आहे."

"कशात?"

"माझ्यात."

त्यांनी पात्र पुढे सरकवलं. मी माझ्या मापाने त्यात पाणी भरलं, पातळी डोळ्यासमोर आणली, पुन्हा भरलं, पुन्हा बघितलं. दोन मिलिलिटरचासुद्धा फरक नव्हता. मागे रांगेत उभे असलेले सहा लोक आपापल्या बाटल्या धरून माझ्याकडे बघत होते.

"साहेब," बाई म्हणाल्या, "आमचं माप बरोबर आहे. तुमचाच माल जास्त आहे."

माझ्या आयुष्यात मला हे वाक्य कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायचा तो मी.

त्याच संध्याकाळी डॉक्टर. आप्पा म्हणाले, "मी बाहेरच बसतो. आत गेलं की उठता येत नाही आणि मला सारखं जावं लागतं." दवाखान्यात थंड पाण्याचं मशीन होतं, त्याच्या शेजारची खुर्ची त्यांनी धरली.

"एकवीसशे वीस. उत्तम," डॉक्टर म्हणाले. बायकोने मान उंचावली. "म्हणजे पाण्याचा दोष नाही. आणि तरीही तीन खडे. मग दोष कुठे? इथे." त्यांनी पेनाची मागची बाजू स्वतःच्या गळ्यावरून आडवी फिरवली. "मानेत चार ग्रंथी असतात. वाटाण्यापेक्षाही लहान. त्यातली एखादी बिघडली की हाडांतलं कॅल्शियम सुटतं आणि खडे होतात. रक्त तपासू, स्कॅन करू. निघाली तर ऑपरेशन."

"गळ्याचं?" मी म्हणालो. आवाज त्याच गळ्यातून आला, पण बारीक.

"छोटंसंच. आणि आणखी एक गंमत आहे. तुमच्या लघवीत साखर आहे. बरीच."

त्यांनी तिथल्या तिथे माझं बोट टोचलं. यंत्रावर अठ्ठ्याण्णव आलं. डॉक्टर यंत्राकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांच्या निवांत चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. "रक्तात नाही, पण लघवीत आहे! म्हणजे मूत्रपिंडातूनच साखर गळतेय. फार दुर्मिळ असतं हो हे. मी फक्त पुस्तकात वाचलंय."

मानेवर सुरी, मूत्रपिंडाला भोक, आणि मी पुस्तकात. मी बायकोकडे बघितलं. तिने माझा हात धरला होता. दोन वर्षांपूर्वी धरला होता तसाच. तिचे डोळे भरले होते. ती मामांचा विचार करत होती, हे मला दिसलं.

"सातशे चाळीस," मी म्हणालो.

"काय?"

"माझी सातशे चाळीसच आहे. मी मोजलीय. शिक्क्याच्या मापाने. तीन लिटर पाणी मी पीत नाही. नऊ ते साडेपाच काहीच पीत नाही."

बायकोने हात सोडवून घेतला. सावकाश, एकेक बोट.

"दोन वर्षं?" ती म्हणाली.

"दोन वर्षं."

"काट्यावर चाळीस ग्रॅमसाठी माणसाला कोर्टात नेता तुम्ही." मग, "रिमोट मी परत घेणार आहे." रिमोटचं ती बोलत नव्हती, हे डॉक्टरांनाही कळलं असावं. त्यांनी उगाच ड्रॉवर उघडून बंद केला.

"पण मग," ते म्हणाले, "बाकीची तेराशे ऐंशी कुणाची?"

मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? मी त्या बाथरूममध्ये ते दोन दिवस गेलेच नव्हते. वरच्यांकडे जात होते."

मी उठून बाहेर आलो. आप्पा मशीनपाशी उभे होते. खुर्चीवर कागदी पेले एकात एक घातलेले, सहा. सातवा हातात.

"आप्पा, कॅन लॅबमध्ये तुम्हीच दिलात ना? वाटेत कुठे ठेवला होता?"

त्यांनी पेला संपवला. "चौकशी बसली वाटतं."

"आप्पा."

"माझा दोष नाही. नियम आहे." ते ताठ उभे राहिले. "संध्याकाळी तुझी वही बघितली. नऊपासून पुढे निरंक. मला धस्स झालं. पोरगा डॉक्टरसमोर, बायकोसमोर तीन लिटर सांगून बसलाय आणि वहीत शून्य! चौतीस वर्षं मीटर वाचले, शून्य वाचन मी कधी वर पाठवलं नाही. घर बंद सापडलं तर काय करायचं? सरासरी लावायची."

"कुणाची सरासरी?"

"घरातलीच. परक्याची कशी चालेल? तपासणीत रक्ताचं नातं लागत असेल." त्यांनी आवाज उतरवला. "तो तुझा कागदही मी काढून टाकला. तुझी अब्रू गेली असती. तीनदा भर घातली. आणखी लागली असती तरी दिली असती. मला काय, तासातासाला येते."

तासातासाला.

मी त्यांच्याकडे बघितलं. सहा पेले. पट्ट्याची नवीन भोकं. दिवसाला दोनदा भरलेला जग. "याला म्हणतात प्रकृती." वर्षभर सगळी इमारत त्यांचं कौतुक करत होती. सगळ्यात जास्त मी करत होतो, माझ्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.

"आप्पा, आत चला."

"माफी मागायची का डॉक्टरांची?"

"नाही. बोट दाखवायचं."

यंत्रावर चारशे बारा आलं.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा तो पुस्तकातला आनंद कुठल्या कुठे गेला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आजोबा, इतकी तहान कधीपासून लागते?"

"तहान?" आप्पा बुचकळ्यात पडले. "छे. मला पाण्याची आवड आहे. सगळे म्हणतात, आप्पांकडे बघा." त्यांनी आळीपाळीने आम्हा तिघांकडे बघितलं. "का? जास्त झालं का?"

बायकोने पुढे होऊन त्यांच्या हातातला कागदी पेला काढून घेतला आणि त्यांचा हात धरला. त्या दिवशी हात धरण्याची पाळी त्यांची होती.

आप्पांना त्याच दवाखान्यात चार दिवस ठेवलं. साखर इतकी वाढलेली असताना आणखी महिनाभर कौतुक चाललं असतं, तर गोष्ट हाताबाहेर गेली असती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. "तुमच्या वडिलांनी तुमचा नमुना बिघडवला नसता, तर त्यांचं हे कळलंच नसतं," ते म्हणाले. माझी मान सध्या शाबूत आहे. रक्तात ग्रंथींचं काही निघालं नाही. माझ्या रोगाचं नाव त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: पाणी पीत नाही.

बायको आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी तिने वही बाथरूममधून काढून, नवीन कव्हर घालून, दोरीच्या पेनासकट स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. दोन रकाने: आप्पांची साखर, माझं पाणी. "भरायची आप्पांनी," ती म्हणाली. "तुमच्या सहीवर माझा विश्वास नाही."

आप्पा रोज संध्याकाळी चष्मा लावून मला विचारत आणि लिहीत. गेल्या मंगळवारी मी दौऱ्यावर होतो. जुनी सवय; बाटली पिशवीतून बाहेरच निघाली नाही. घरी येऊन भरलेली बाटली ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुऊन आलो, तर आप्पांनी ती बघून, मला न विचारताच, नऊ ते साडेपाचच्या जागी, पेन्सिलीने लिहिलं होतं:

घर बंद. सरासरी लावलेली नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. त्या माणसाने चौतीस वर्षांत कधी रिकामी जागा सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. काटा फेरतपासणीला आला होता. हमालाने मला ओळखलं आणि काट्याजवळून दोन पावलं मागे सरकला.

"पाणी मिळेल का?" मी म्हणालो.

व्यापाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "साहेब," तो गादीवरून उठत म्हणाला, "काट्यात फार मोठं काही निघालं का?"

"पाणी मागतोय. आणि नंतर तुमच्या संडासाची किल्ली लागेल."

त्याने स्वतः पेला आणला. दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे केला. मी उभ्या उभ्या प्यायलो. गोदामातली तीन माणसं हातातलं काम सोडून बघत होती. पेला खाली ठेवला, काटा तपासला. चाळीस ग्रॅमचा दोष तसाच होता. मी त्याच्यावर खटला लिहिला, सही घेतली आणि किल्ली मागितली. त्याने दिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा सगळं पुष्कळ सोपं होतं.

संध्याकाळी आप्पांनी वही काढली. "हं. नऊ ते साडेपाच?"

"बारा वाजून वीस मिनिटांनी पाणी, एक पेला. पावणेदोनला बाटली, अर्धी. तीनला उरलेली."

"कुठे?"

"धान्याच्या गोदामात. नंतर बाजारात."

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं. दारात उभं राहून मीटरचं झाकण उघडताना बघत असतील, तसं. मग पेन्सिल ठेवली, दोरीचं पेन घेतलं आणि शाईने लिहिलं:

घर उघडे सापडले.